नऊपैकी दोन भाग

मंडळी, पत्रिकेवर ‘डिजिटल रेडिओची वाटणी’ असा विषय छापलाय, त्यावर येतेच. त्याआधी एक स्टुडिओ दाखवते.

दुष्काळी पट्ट्यातलं सामुदायिक रेडिओ केंद्र. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या, गावातल्या बायकांनीच शिवलेल्या. माइकसमोर एक आजी, शेळीला पोटफुगी झाली तर काय करायचं ते सांगत होत्या. मध्येच थांबून निवेदिकेला म्हणाल्या, “वरच्या वाडीला ऐकू जातंय न्हवं? शेळ्या तिकडंच जास्त हायेत.”

जात नव्हतं. आपल्याकडे या केंद्रांना शंभर वॅटची मर्यादा, आणि मध्ये डोंगराची सोंड. वाडीत शहरातलं व्यावसायिक स्टेशन मात्र खणखणीत लागायचं. शेळीवाल्यांना दिवसभर टू बीएचके फ्लॅटच्या जाहिराती! हसा, पण मला तेव्हा संतापच आला होता. केंद्राने अँटेना टेकाडावर हलवायची परवानगी मागितली. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, नकाशा पुन्हा जोडा, शिक्का पुन्हा मारा. पावसाळा सरला, उन्हाळा लागला, अँटेना होती तिथेच.

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं. त्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते, हे इथे आवर्जून सांगायला हवं. तरी स्वयंसेवी संस्थांना केंद्र काढायची मुभा मिळायला २००६ उजाडलं. म्हसवडचं माणदेशी तरंग हे सामुदायिक केंद्र त्यानंतरचं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, तेव्हा मुद्द्यावर येते.

डिजिटलमध्ये एका प्रक्षेपकावरून अनेक स्टेशनं एकत्र जातात, त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. ऑस्ट्रेलियात २००९ साली पाच महानगरांत हे सुरू झालं, पण वाटणी २००७ च्या कायद्यातच ठरली होती: प्रत्येक व्यावसायिक मल्टिप्लेक्सच्या क्षमतेचे नऊपैकी दोन भाग, म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट, सामुदायिक प्रसारकांसाठी राखीव. मेलबर्नचं थ्री ट्रिपल झेड हे बहुभाषक केंद्र त्यामुळेच डिजिटलवर पोचलं. जागा मिळाली तरी खर्च उरतोच. त्यासाठी सरकारी निधी लागला आणि तो टिकवायला श्रोत्यांना मोहीम काढावी लागली.

आता आपलं. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या ऑक्टोबर २०२५ च्या डिजिटल रेडिओबद्दलच्या शिफारशी खासगी प्रसारकांसाठी आहेत. एका फ्रिक्वेन्सीवर एक ॲनालॉग म्हणजे आपली नेहमीची, तीन डिजिटल आणि एक डेटा वाहिनी. सुरुवात तेरा शहरांतून, त्यांत मुंबई, पुणे, नागपूर. माझं म्हणणं एवढंच, की या जादा वाहिन्यांतला सामुदायिक हिस्सा फ्रिक्वेन्सींच्या लिलावाच्या अटींतच लिहा, भाडं माफक ठेवा. पैसे भरून झाल्यावर कोण कशाला जागा सोडेल?

डिजिटल ऐकायला लागणाऱ्या नव्या रेडिओ संचाच्या किमतीचा मुद्दा राहिला, तो प्रश्नोत्तरांत घेऊ.