महापालिका कर्ज काढते, मग फेडतं कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात चार पैसे शिल्लक पडले की माणूस सोसायटीत ठेव ठेवतो, नाहीतर भिशी लावतो. महापालिकेलाही पैसे कर्जाऊ देता येतात म्हटलं, तर लोक हसतात. "कॉर्पोरेशनला? मग परत कधी यायचे?" शंका रास्त आहे. म्हणून आज परतफेडीबद्दलच बोलू.

महापालिका हे कर्ज रोखे काढून उभारते. रोखा म्हणजे घेतलेले पैसे ठरल्या व्याजाने, ठरल्या मुदतीत परत करू, असा लेखी शब्द. मनात आलं नि काढले, असं चालत नाही. स्थानिक संस्थांच्या कर्जाचा 1914 चा जुना कायदा आहे, बेळगावला 1976 चा कर्नाटक महानगरपालिका कायदा लागू आहे, आणि राज्य सरकारची मंजुरी लागतेच. 2015 पासून सेबीचे, म्हणजे शेअर-रोखे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, नियमही आले. उभारलेला पैसा ठरल्या कामालाच लागला पाहिजे, हे त्यातलं मुख्य.

देशात सुरुवात आपल्याच राज्यात झाली. 1997 साली बंगळूर महापालिकेने 125 कोटींचे रोखे काढले, पण पाठीशी राज्य सरकारची हमी होती. पुढच्याच वर्षी अहमदाबादने हमीशिवाय 100 कोटी उभे केले. माझ्या मते खरी हिंमत ती.

हमी नाही, तर पैसे देणारा भरवसा कशावर ठेवतो? बहुतेक वेळा घरफाळ्यावर. एप्रिलमध्ये पाच टक्के सूट मिळते म्हणून आपण चलन घेऊन धावतो ना, तोच पैसा. रोखे काढलेल्या शहरात यातली ठरलेली वसुली आधी एका वेगळ्या खात्यात जाते. त्याला एस्क्रो खातं म्हणतात. तिथून पहिल्यांदा व्याजाचा नि मुदलाचा वाटा बाजूला निघतो. उरेल ते पगाराला, दिवाबत्तीला. महापौर बदलोत, आयुक्त बदलोत, हा क्रम हलत नाही. रोखेधारकांच्या वतीने त्यावर विश्वस्ताची नजर असते.

आकडा बघा. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणी योजनेसाठी 200 कोटी घेतले, 7.59 टक्क्यांनी. नुसतं व्याजच वर्षाला 15 कोटी 18 लाख!

असे रोखे बहुतेक करून बँका, विमा कंपन्याच घेतात. इंदूरने मात्र 2023 मध्ये सामान्य माणसालाही दार उघडलं. 244 कोटी, व्याज सव्वाआठ टक्के. नर्मदेचं पाणी उपसायला जी वीज जाळावी लागते, ती सौरऊर्जेतून काढायची, असा बेत. हजाराच्या रोख्याचे अडीचशेचे चार भाग केले. ते तीन, पाच, सात नि नऊ वर्षांनी फिटायचे. म्हणजे एकदम बोजा नाही. हिडकल धरणाचं पाणी बेळगावात चढवायलाही पंपच लागतात, तेव्हा हा हिशेब आपल्याला परका नाही.

आता नेहमीचा प्रश्न: "सरकारी आहे, म्हणजे बुडणार नाही ना?" तसं धरून चालू नका. राज्याने लेखी हमी दिली असेल तरच राज्य बांधील. उद्या एखाद्या शहराचे रोखे घ्यावेसे वाटले, तर माहितीपत्रकात पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीला दिलेली श्रेणी, बघाच, पण त्याआधी घरफाळ्याचं पान काढा. गेल्या तीन वर्षांत मागणी किती होती, वसुली किती झाली आणि थकबाकी वाढतेय की कमी होतेय, ते तिथे कळेल.