केनेडी हत्येचा तपास आणि रायफलची चाचणी

श्रोतेहो, नमस्कार. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डल्लास शहरात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. त्याच दुपारी शालेय पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावर खोक्यांच्या आड दडवलेली एक रायफल आणि खिडकीपाशी पडलेल्या तीन रिकाम्या पुंगळ्या पोलिसांच्या हाती लागल्या. ती 6.5 मिलिमीटरची इटालियन बनावटीची कार्कानो रायफल होती आणि तिच्यावर चौपट मोठे दाखवणारी स्वस्त जपानी दुर्बीण बसवलेली होती. हिच्यातून अवघ्या काही सेकंदांत तीन गोळ्या नेम धरून झाडता येतील का, या एकाच प्रश्नाबद्दल मी आज बोलणार आहे.

हत्येनंतर पाचच दिवसांनी एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या, तीन तज्ज्ञांनी 15 यार्डांवरून ती चालवून पाहिली. तिघांना तीन-तीन गोळ्यांसाठी सुमारे सहा, सात आणि नऊ सेकंद लागले. पुढे त्यांतलेच रॉबर्ट फ्रेझर 25 यार्डांवरून 4.6 सेकंदांपर्यंत पोहोचले आणि दोन गोळ्यांमध्ये किमान 2.3 सेकंद लागतात असा हिशेब त्यांनी मांडला. इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा: घड्याळ पहिल्या गोळीच्या आवाजाला सुरू होते, म्हणून तीन गोळ्यांमध्ये बोल्ट, म्हणजे रिकामी पुंगळी काढून नवी गोळी भरणारा हाताने ओढायचा खटका, दोनदाच ओढावा लागतो. हत्येच्या चित्रफितीचा वेग सेकंदाला 18.3 चौकटी असल्याचे ठरले होते. त्यावरून हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने तीनपैकी लागलेल्या दोन गोळ्यांमधले अंतर 4.8 ते 5.6 सेकंद काढले. नेम चुकलेली गोळी त्या दोहोंच्या मधली असेल तर सगळा प्रकार एवढ्याच वेळात बसवावा लागतो. ती पहिली किंवा शेवटची असेल तर अवधी सात सेकंदांच्या पुढे जातो. सेकंदांवरून हिरिरीने वाद घालणारे अनेकजण हा फरक सोडून देतात, याचे मला वाईट वाटते.

दुर्बिणीचे दुखणे मात्र खरे होते. मार्च 1964 मध्ये एफबीआयने क्वांटिको इथे 100 यार्डांवर घेतलेल्या चाचणीत गोळ्या नेमापेक्षा काही इंच वर आणि उजवीकडे लागत राहिल्या, आणि दुर्बीण पुरती जुळवता येईना. हा दोष हत्येच्या वेळीही होता की रायफल टाकताना धक्का बसून नंतर निर्माण झाला, हे चाचणीतून ठरवता येण्यासारखे नव्हते.

लष्कराच्या अॅबर्डीन इथल्या प्रयोगशाळेत दुर्बिणीखाली धातूच्या पातळ चकत्या सारल्या, तेव्हा कुठे ती रायफल चाचणीयोग्य झाली. तीन कसलेले नेमबाज मनोऱ्यावर बसले. समोर 175, 240 आणि 265 फुटांवर स्थिर लक्ष्ये उभी होती. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करणारी सळई, तुटेल या धास्तीने त्यांना चाप ओढून सराव करू दिला नव्हता, फक्त दोन-तीन मिनिटे बोल्ट मागेपुढे करण्याची मुभा होती. बोल्ट इतका घट्ट होता की तो उघडताना नळी लक्ष्यावरून हलत असे. पहिल्या गोळीसाठी हवा तेवढा वेळ दिला होता आणि ती प्रत्येकाची लागली. दुसरी पहिल्या चारही प्रयत्नांत काही इंचांनी हुकली. तिसरी सहापैकी पाच वेळा लागली. वेळा 4.6 पासून 8.25 सेकंदांपर्यंत पसरल्या होत्या. नेमबाजांपैकी मिलर यांनी दुर्बीण सोडून नळीवरच्या साध्या लोखंडी साईटने नेम धरला, तेव्हा त्यांना 4.45 सेकंद पुरले. माझ्या मते साऱ्या नोंदींतला हा सर्वांत बोलका आकडा आहे, कारण दुर्बिणीच्या दोषावर उभारलेला आक्षेप त्याने बराच सैल पडतो.

लक्ष्य स्थिर होते, केनेडी बसलेली मोटार मात्र दूर जात होती, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. 1967 मध्ये सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने मनोरा आणि रुळावरून सरकणारे लक्ष्य उभारून 11 नेमबाजांकडून ही चाचणी करून घेतली. 37 पैकी 17 प्रयत्न रायफल अडकण्यासारख्या कारणांनी बाद धरावे लागले. उरलेल्यांत सरासरी 5.6 सेकंदांमध्ये एकाहून थोड्या अधिक गोळ्या लागल्या, आणि एका नेमबाजाने तिन्ही लावल्या. पण ती रायफल त्याच नमुन्याची असली तरी दुसरी होती, त्यामुळे डल्लासला सापडलेल्या रायफलचा तो घट्ट बोल्ट आणि ती बिघडलेली दुर्बीण या चाचणीत तपासली गेलीच नाही.