डिस्चार्ज कार्डाच्या पुढे

(दृश्य: चटईवर उपडी होणारी पिशवी. गोळ्यांच्या पट्ट्या.)

साडीच्या दुकानातली ही पिशवी आजी उशाशी ठेवतात. आज ती पहिल्यांदाच पूर्ण रिकामी होते आहे. अकरा पट्ट्या, त्यातल्या काही अर्ध्या कापलेल्या. काहींवरचं नाव कात्रीनं गेलेलं. एक मलम, कॅल्शियमची बाटली आणि चार घड्या पडलेलं डिस्चार्ज कार्ड.

कार्ड इंग्रजीत आहे. औषधाच्या नावापुढे लिहिलंय, १-०-१. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. घरात सून चौथी शिकलेली, नातू सातवीत. हे आकडे त्यांना कुणी उलगडून सांगितले नव्हते.

आजी ७४ वर्षांच्या. अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, नवव्या दिवशी घरी सोडलं. हाड नीट बसलंय, टाके सुकलेत. कागदोपत्री केस संपली.

(दृश्य: गावाचा रस्ता, दोन्हीकडे पऱ्हाटी. कॉलेजची बस.)

इथे ती केस आता सुरू होते आहे. वर्धा जिल्ह्यातल्या या गावात वैद्यकीय कॉलेजची मुलं ठरल्या दिवशी येतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबं नेमून दिलेली आहेत. आजींचं घर एका मुलीकडे आहे. ती कोल्हापूरकडची. पहिल्या भेटीत आजींनी विचारलं, "तू कोन्या गावची, माय?" तेव्हा प्रश्न समजायलाच तिला क्षणभर लागला होता. आता तिच्याही बोलण्यात 'मले', 'तुले' यायला लागलंय.

(दृश्य: सेवाग्राम आश्रम, बापू कुटी. जुनी छायाचित्रं.)

विद्यार्थ्यांना गावात नेण्याची ही रीत याच जिल्ह्यात जुनी आहे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी आश्रमात राहावं लागतं. मग तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात पंधरा दिवस मुक्काम करते आणि पुढेही नेमानं जात राहते. ताप कुठल्या घरात आहे, पाणी कुठून येतं, म्हातारी माणसं कुठल्या कोपऱ्यात झोपतात, हे वॉर्डात उभं राहून कळत नाही. २०२१-२२ पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम आला. सेवाग्रामला त्याआधी कितीतरी वर्षं मुलं घराघरांत जात होती.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती. वार्धक्यशास्त्राचा एम.डी. अभ्यासक्रम मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली सुरू झाला. पण एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला त्यातला तज्ज्ञ कुठून मिळणार? त्याच्या वाट्याला साधा एमबीबीएस डॉक्टरच येणार. म्हणून हे शिक्षण त्या साध्या डॉक्टरला मिळायलाच हवं.

(दृश्य: पुन्हा चटई. विद्यार्थिनी पट्ट्या लावते आहे.)

बघा, ती पट्ट्या कशा लावते आहे. कंपनीच्या नावानं नाही, आतल्या औषधाच्या नावानं. एक-एक पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचते आहे. सातव्या पट्टीशी हात थांबतो. ती मागे जाते, तिसरी पट्टी उचलते. दोन रंग, दोन नावं, आत औषध एकच, टेल्मिसार्टन. रक्तदाबाची गोळी. एक तालुक्याच्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेली, दुसरी रुग्णालयातून आलेली. आजी दोन्ही घेत होत्या, अगदी न चुकता.

आता बीपीचा पट्टा. आधी आजी खाटेवर पाच मिनिटं पडून राहतात. वरचा आकडा, १३८. मग त्यांना धरून उभं केलं जातं. एक मिनिटानं पुन्हा पट्टा फुगतो. मग तिसऱ्या मिनिटाला. ११२. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला की उठताना चक्कर येण्याचा, पडण्याचा धोका. आजींचा २६ नं उतरलाय. त्या दिवशी अंगणातही त्या खाटेवरून उठल्याउठल्या निघाल्या होत्या.

गोळी बंद करायचा अधिकार विद्यार्थिनीला नाही. ती ओसरीवरून सरांना फोन लावते, सर रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलतात. अर्ध्या तासानं निरोप येतो आणि एक पट्टी पिशवीतून बाजूला होते.

(दृश्य: खडूनं आखलेली रेघ. वॉकर.)

नातवानं खडूनं जमिनीवर तीन मीटर मोजून रेघ मारली आहे. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बाराहून जास्त सेकंद लागले तर धोका धरायचा. आजींना ४३ लागतात. वॉकर त्यांच्या उंचीला जास्त आहे, खांदे कानाशी येतात. विद्यार्थिनी खाली बसून पायांची खीळ दोन भोकं खाली घेते. मग ती त्यांच्यामागून मोरीपर्यंत जाते. मोरीचा उंबरठा वीतभर उंच, आतली फरशी शेवाळलेली, धरायला काही नाही. हे सगळं ती वहीत उतरवते. डिस्चार्ज कार्डावर मोरीचा रकाना नसतो.

(दृश्य: दुसरं घर. खाटेवर आडवा विद्यार्थी.)

गल्लीच्या टोकाच्या घरात अर्धांगाचा झटका आलेले आजोबा आहेत, दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेले. तिथे सरांनी एका विद्यार्थ्याला शेजारच्या खाटेवर उताणं झोपवलंय. अट एकच, अर्धा तास हलायचं नाही. बाराव्या मिनिटाला त्याच्या टाचा वळवळतात. सतराव्याला तो कूस बदलतो. सर काही बोलत नाहीत, फक्त घड्याळ दाखवतात. मग ते आजोबांच्या घरच्यांना आणि मुलांना सोबतच दाखवतात की दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीशी उशी कुठे द्यायची, टाच अधांतरी कशी ठेवायची. माकडहाड, खुबा, टाच, पडून पडून दाब येतो तो इथेच, कातडी आधी लाल होते, मग जखम होते. जखमेचं ड्रेसिंग चाललं तेव्हा कॅमेरा बाहेर होता.

आजोबांची सून कापूस वेचायला जायची. दीड वर्ष तिची ती रोजची मजुरी बुडाली आहे.

(दृश्य: तिचे हात. उशी. खाट.)

(दृश्य: संध्याकाळ. आजींची ओसरी.)

निघायच्या आधी एक काम उरतं. विद्यार्थिनी आजींना "समजलं ना?" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमीच "हो" असतं. ती म्हणते, "आजी, आता तुम्ही मला सांगा."

आजी एक बोट वर करतात.

"उठलं की लगेच चालाचं नाई. खाटीवर बसाचं. पाय हालवाचे. मंग वाकर धराचा." आणि थांबून, नातवाकडे बघत, "अन् ते निळी गोळी आता खाची नाई."