सरस, लाकूड आणि फ्लॉरेन्सचा पूर

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात घरचं दार फुगतं, चौकटीत अडकतं आणि दिवाळीपर्यंत आपसूक मोकळं होतं. आज अशाच एका लाकडाबद्दल बोलायचंय. ते आहे इटलीत, फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चच्या जुन्या भोजनशाळेत. साधारण 2.6 मीटर उंच, 5.8 मीटर रुंद, आणि त्यावर येशूचं शेवटचं भोजन. जॉर्जो वासारीनं ते 1546 मध्ये ले मुराते मठातल्या जोगिणींसाठी रंगवलं.

खाली पॉपलरच्या फळ्या. त्यावर सरसात, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेल्या गोंदात, कालवलेल्या जिप्समचा पांढरा थर. त्यावर तैलरंग. लाकूड, सरस, रंग; एवढा क्रम ध्यानात ठेवा. हल्ली सुताराच्या शेगडीवर सरसाचा डबा दिसत नाही. त्याच्या वासासाठी कुणी हळहळणार नाही, पण सरसाचा जोड पुन्हा सोडवता यायचा. पांढऱ्या डिंकानं ती सोय घालवली. असो.

आता 4 नोव्हेंबर 1966. बरोबर याच तारखेला, 1333 सालीही आर्नो नदीनं हे शहर बुडवलं होतं! त्या शुक्रवारी सरकारी सुट्टी, दुकानं बंद, गाव झोपलेलं. जुन्या पुलावरच्या सराफांना रखवालदारानं रात्रीच फोन केले. ते धावत आले आणि जमेल तेवढा माल उचलून गेले. सोन्याला फोन गेला हो, चित्रांना कुणाचा जाणार? सांता क्रोचेचा भाग सखल. पहाटेनंतर पाणी शिरलं, चिखल शिरला, घरोघरच्या तळघरांतलं जळाऊ तेलही शिरलं. काही ठिकाणी पाणी 6 मीटरच्या वर चढलं. वासारीचं चित्र बारा तासांहून अधिक पाण्याखाली होतं, आणि खालचा भाग तर त्याहूनही जास्त वेळ. पाणी ओसरल्यावर रंग गळून पडू नये म्हणून त्यावर पातळ जपानी कागद चिकटवला. त्या कागदाखाली ते चाळीसेक वर्षं पडून राहिलं.

इतकी वर्षं का? लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पुन्हा सांगतो, आडवं फुगतं. पाण्यात सरस विरघळला, म्हणजे रंगाची पकड सुटली. मग लाकूड वाळलं आणि मूळ मापापेक्षाही आकसलं. रंग मात्र तेवढाच राहिला. त्याला बसायला जागा उरेना, त्याचे पोपडे तंबूसारखे उभे राहिले. दाबून बसवायला गेलं तर तुटणार. म्हणून भिजलेली लाकडी वस्तू कधी उन्हात ठेवू नका. कधीच नाही. त्या वर्षी फ्लॉरेन्समधली भिजलेली कितीतरी चित्रं एका बागेतल्या लिंबूघरात ठेवली, आत हवा मुद्दाम दमट राखली आणि ओल महिन्यामहिन्यानं उतरवली.

वासारीच्या फळ्यांवर खरं काम झालं ते ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे या फ्लॉरेन्समधल्या कलावस्तू-दुरुस्तीच्या संस्थेत. 2010 मध्ये अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशनचे पैसे आले, तेही या अटीवर की फळ्यांचं काम जाणणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांनी तरुणांना हाताशी घ्यावं. मला विचाराल तर हीच सगळ्यात शहाणी अट. पाठीमागचा आधार लाकडाला हलू देईल असाच हवा. करकचून ठोकला की फळी तडकते.

4 नोव्हेंबर 2016 ला, बरोबर पन्नास वर्षांनी, चित्र परत भिंतीवर आलं. आता त्याला विंच, म्हणजे दोर गुंडाळून उचलणारं यंत्र, आणि तोल सांभाळणारं प्रतिभाराचं वजन जोडलंय. पुराचा इशारा आला की ते उचलून पाण्याच्या वर, 6 मीटरपर्यंत नेता येतं.