स्फुरद मोजणारा माणूस : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

नमस्कार मंडळी. सांगलीतून बोलतेय.

आज सुरुवात शेतातून करू. आमच्या तासगाव-मिरज पट्ट्यातल्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा, नत्र, स्फुरद, पालाश तोंडपाठ असतं. हा स्फुरद म्हणजे फॉस्फरस. तो आपल्या रक्तातही असतो, आणि लॅबमध्ये तो मोजणं हे माझं रोजचं काम आहे. डायलिसिसवरच्या पेशंटचं रक्त आलं की क्रिएटिनिन, कॅल्शियमच्या जोडीला फॉस्फरस हवाच. निरोगी मोठ्या माणसात तो साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतो. किडनी थकली की तो लघवीवाटे बाहेर पडत नाही, साचत जातो. अंगाला खाज सुटते, हाडं कमकुवत होतात. त्या एका आकड्यावर पेशंटचं पथ्य ठरतं.

आता हे काम मशीन करतं. पण शिकताना आम्ही ते हातानं केलंय. सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड घातलं की त्यातली प्रथिनं दूध नासावं तशी फुटतात. ती गाळून टाकायची आणि खालचं नितळ पाणी घ्यायचं. पुढचं तुमच्यासमोरच करते.

(नळी कॅमेऱ्याजवळ धरते)

यात रक्त नाही, फॉस्फेटचं, म्हणजे फॉस्फरसच्या क्षाराचं, साधं द्रावण आहे. आम्लातलं अमोनियम मॉलिब्डेट घातलं. अजून काही दिसत नाही. आता हे क्षपणकारक, म्हणजे मॉलिब्डेटला इलेक्ट्रॉन देऊन रंग आणणारं रसायन, अगदी थोडं. थांबा... बघा, कडेनं निळं व्हायला लागलं. आधी आभाळासारखं फिकट, मग कपड्यांना घालायच्या निळीसारखं. जितका फॉस्फरस जास्त, तितका रंग गडद. ही झाली फिस्क-सुब्बाराव पद्धत. अशा पद्धती आधीही होत्या, पण भरवशाची ही ठरली. १९२५ साली ती छापून आली आणि पुढे जगभरच्या लॅबमध्ये पोचली. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या प्रत्येकानं हे नाव वहीत लिहिलंय. त्यातले सुब्बाराव कोण, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा व्हिडिओ.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. मॅट्रिकला तिसऱ्या खेपेला पास झाले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिकताना परदेशी मालावर बहिष्कार म्हणून खादीचा गाऊन घालून सर्जरीला उभे राहिले. प्राध्यापक नाराज झाले, आणि एमबीबीएसऐवजी खालची एलएमएस पदवी हातात पडली. घरात त्याहून मोठा घाव बसला होता. दोन भाऊ संग्रहणीनं गेले. खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, माणूस वाळत जातो, असा तो आजार. त्यावर तेव्हा औषध नव्हतं.

१९२३ साली सुब्बाराव बोस्टनला पोचले. पोटासाठी हॉस्पिटलात रात्रपाळीची हलकी कामं केली. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्या हाताखाली उभे राहिले, आणि तिथं ही निळी नळी आली.

मला सगळ्यात भावते ती पुढची गोष्ट. प्राण्याच्या स्नायूचा अर्क घेऊन ते फॉस्फेट मोजत होते. साध्या द्रावणाचा रंग काही मिनिटांत स्थिर होतो. स्नायूच्या अर्काचा होईना. नळी हळूहळू निळी होतच राहिली. आम्हाला लॅबमध्ये असं दिसलं तर पहिला संशय रीएजंटवर, म्हणजे चाचणीत घालायच्या रसायनावर जातो. नळी ओततो, पुन्हा लावतो. या दोघांनी ती ओतून दिली नाही. अर्कात फॉस्फरस कशाला तरी बांधलेला असणार आणि आम्लात तो सुटत असणार, असं त्यांनी धरलं आणि माग काढला. हाती लागलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूतला ऊर्जेचा साठा, साल १९२७. स्नायू राबला की ते घटतं, विसावा मिळाला की पुन्हा भरतं. दोन वर्षांनी त्यांना स्नायूत एटीपी सापडलं, पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते स्वतंत्रपणे मिळालं. आत्ता मी बोलतेय, तुम्ही पापणी मिटताय, ते याच एटीपीवर.

एवढं करूनही हार्वर्डनं त्यांना कायमची जागा दिली नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ली या औषध कंपनीत गेले. १९४५ साली त्यांच्या चमूनं फोलिक ॲसिड हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केलं. आशाताई गरोदर बाईला लोहाची लाल गोळी देतात ना, त्यात हेच असतं. आणि ते संग्रहणीवर लागू पडलं. दोन भाऊ गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

हत्तीपायावरची डीईसीची गोळी, जी पूर्व विदर्भात आजही मोहिमा काढून वाटतात, तीही याच लॅबमधली.

फोलिक ॲसिडशिवाय पेशी वाढत नाही. कॅन्सरची पेशी तर भराभर वाढते. मग फोलिक ॲसिडसारखंच दिसणारं, पण त्याचं काम अडवणारं काहीतरी पेशीला दिलं तर? सुब्बारावांच्या चमूनं ॲमिनोप्टेरिन बनवलं. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या १६ मुलांना दिलं. १० मुलं सुधारली. ती सुधारणा टिकली नाही, पण तोवर या आजारात औषधानं मूल सावरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जून १९४८ मध्ये हे छापून आलं. ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, वय ५३. भारतात परत येणं झालंच नाही.

ॲमिनोप्टेरिनचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवाताच्या पेशंटना हे नाव पाठ असतं. परवा एक मावशी रक्त द्यायला आल्या होत्या. बोटं वाकडी झालेली, हातात चिठ्ठी. म्हणाल्या, "बाई, एक गोळी फोलिक ॲसिड अडवती म्हणं, आणि दुसरी फोलिक ॲसिडचीच. मग दोन्ही कशापायी?" प्रश्न बिनतोड होता. त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. पहिली गोळी सांध्यांची आग शांत करते, पण जाता जाता तोंडाच्या आणि रक्ताच्या पेशींनाही उपाशी ठेवते. तोंड येतं, रक्त कमी होतं. दुसरी ती तूट भरून काढते. दोन्ही एकाच माणसाच्या लॅबमधल्या, सांगलीतल्या एका चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिलेल्या.

आणि घरात कुणाला हे औषध चालू असेल तर आत्ता उठून पाकीट बघा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी सांगितलेला वार पाकिटावर पेनानं ठळक लिहून ठेवा, मावशींच्या पाकिटावर मी लिहून दिला तसा.