कॉकपिटमधील शिस्त : शार्लट, मंगळूर, कोझिकोड

११ सप्टेंबर १९७४ची सकाळ. ईस्टर्न एअरलाइन्सचे २१२ क्रमांकाचे डीसी-९ विमान अमेरिकेतील चार्ल्सटनहून उत्तर कॅरोलिनातील शार्लटकडे निघाले आहे. विमानात ८२ माणसे आहेत. शार्लटच्या परिसरात जमिनीलगत तुटक धुके पसरलेले असल्यामुळे धावपट्टी दिसेपर्यंत वैमानिकांना उंचीमापकाच्या काट्यावरच विसंबायचे आहे. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात मात्र या वेळी राजकारणावरच्या आणि जुन्या मोटारींवरच्या गप्पा ऐकू येतात. थोड्या वेळाने दोघे वैमानिक खिडकीबाहेर दिसणारा मनोरा जवळच्या करमणूक उद्यानाचा आहे की नाही, हे ओळखण्यात गुंततात.

विमान उतरवण्याचे काम सहवैमानिकाकडे होते. ठरावीक टप्प्यांवर उंची मोठ्याने सांगण्याची जबाबदारी मुख्य वैमानिकाची होती, आणि ती पुकारणी झालीच नाही. विमान जमिनीपासून हजार फुटांवर आल्याचा इशारा वाजला, परंतु त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. धावपट्टी सुमारे तीन मैलांवर असतानाच विमान झाडांत शिरून कोसळले. या अपघातात एकूण ७२ जणांचे प्राण गेले. विमानाच्या कोणत्याही यंत्रणेत बिघाड नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे कारण नोंदवताना, कॉकपिटमधील शिस्त ढिली पडल्यामुळे वैमानिकांना उंचीचे भान राहिले नाही, असे स्पष्ट म्हटले.

या आणि अशाच काही अपघातांनंतर अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने १९८१ साली एक नियम केला, जो आज स्टेराइल (म्हणजे निर्जंतुक) कॉकपिट या नावाने जगभरातील वैमानिकांना पाठ असतो. विमान जमिनीवर धावत असताना, उड्डाण करताना, उतरताना, आणि एरवीही दहा हजार फुटांखाली असताना उड्डाणाशी संबंध नसलेले कोणतेही बोलणे किंवा काम कॉकपिटमध्ये करायचे नाही. वरवर पाहता हा गप्पांना बंदी घालणारा नियम आहे. पण त्याचा खरा हेतू कामाचे बोलणे ऐकू यावे, हा आहे. दोन वैमानिकांपैकी एकाने विमान चालवायचे, दुसऱ्याने लक्ष ठेवून उंची, वेग आणि चुका मोठ्याने सांगायच्या, आणि पहिल्याने त्या ऐकून उत्तर द्यायचे. ही देवाणघेवाण थांबली, की दोन माणसे शेजारी बसलेली असूनही विमानात एकच वैमानिक उरतो, आणि कधीकधी तर एकही उरत नाही.

नियम झाला म्हणून सवय बदलतेच असे नाही. ३१ ऑगस्ट १९८८ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे डेल्टा एअरलाइन्सचे ११४१ क्रमांकाचे बोइंग ७२७ उड्डाणासाठी रांगेत उभे असताना कॉकपिटमध्ये हवाईसेविकेसह गप्पा रंगल्या होत्या. नंतर चेकलिस्ट वाचली गेली. फ्लॅपचा, म्हणजे उड्डाणाच्या वेळी पंखांची उचल वाढवणाऱ्या झडपांचा, प्रश्न आला, तेव्हा ते पंधरा अंशांवर असल्याचे उत्तरही ठरल्या शब्दांत दिले गेले. प्रत्यक्षात फ्लॅप उघडलेलेच नव्हते, आणि अशा वेळी वाजायला हवा असलेला भोंगाही बिघाडामुळे वाजला नाही. विमान हवेत टिकले नाही आणि १०८ जणांपैकी १४ जण मृत्युमुखी पडले. डोळ्यांनी न पाहता तोंडाने दिलेले ते उत्तर मला त्याआधीच्या गप्पांपेक्षाही अधिक गंभीर वाटते, कारण कागदोपत्री त्या क्षणी शिस्त पाळली गेली होती.

आता भारताकडे वळू. २२ मे २०१० रोजी पहाटे एअर इंडिया एक्स्प्रेसचे ८१२ क्रमांकाचे बोइंग ७३७-८०० विमान १६६ जणांना घेऊन दुबईहून मंगळूरकडे येत होते. मंगळूरची धावपट्टी डोंगरमाथ्यावर, दोन्ही टोकांना दरी असलेली, २४५० मीटर लांबीची. त्या दिवशी हवा शांत होती आणि धावपट्टी कोरडी होती. १५८ जण गेले आणि आठ जण वाचले.

या अपघाताच्या चौकशी न्यायालयाचे अध्यक्षपद हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होते. त्यांच्या अहवालाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग अपघाताच्या बऱ्याच आधीचा आहे. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण दोन तास पाच मिनिटांचे आहे. त्यातील पहिले सुमारे एक तास चाळीस मिनिटे दोन वैमानिकांमध्ये संभाषणच नाही. मुख्य वैमानिक झोपलेले होते. त्यांच्या घोरण्याचा आवाज मुद्रित झाला आहे. नियंत्रण कक्षाशी बोलण्याचे काम सहवैमानिक एकटे करत होते. शार्लटमध्ये नको त्या विषयावरचे बोलणे घातक ठरले होते, तर इथे आवश्यक ते बोलणे वेळेवर झालेच नाही. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाची निर्णयशक्ती काही काळ मंदावलेली असते, आणि अहवालाने या बाबीची नोंद अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये केली आहे.

त्यात आणखी एक भर पडली. मंगळूरचे रडार त्या दिवसांत बंद असल्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा, म्हणजे विमानतळ बराच जवळ आल्यावर मिळाली. उंची झपाट्याने कमी करणे आवश्यक होते, पण ते वेळेत साधले नाही. धावपट्टी अडीच सागरी मैलांवर आली तेव्हाही विमान असायला हवे त्यापेक्षा कितीतरी उंच होते. आपण फार उंच आहोत, हे सहवैमानिकांनी सांगितले. मुख्य वैमानिकांनी स्वयंचलित नियंत्रण बंद करून विमानाचे नाक खाली दाबले, आणि विमान मिनिटाला जवळपास चार हजार फूट या वेगाने खाली येऊ लागले. जमीन जवळ आल्याचे इशारे एकामागून एक वाजत राहिले. उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाण्यास, म्हणजे गो-अराउंड करण्यास, सहवैमानिकांनी एकंदर तीन वेळा सांगितले. धावपट्टीचे टोक पन्नास फुटांवरून ओलांडायचे असते. या विमानाने ते सुमारे दोनशे फुटांवरून आणि ठरल्यापेक्षा बऱ्याच अधिक वेगाने ओलांडले. सुमारे ५२०० फूट धावपट्टी मागे पडल्यावर चाके जमिनीला लागली. तेव्हाही पूर्ण ताकदीने ब्रेक लावले असते, तर विमान थांबू शकले असते, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. पण मुख्य वैमानिकांनी विमानाची गती कमी करणारी उलटी शक्ती वापरायला सुरुवात केल्यानंतर पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. विमानाचा उजवा पंख धावपट्टीपलीकडच्या अँटेनाच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर आदळला आणि विमान दरीत गेले.

चुकीचा सगळा भार एका व्यक्तीवर टाकून अहवाल थांबत नाही, आणि त्याचे मोल तिथेच आहे. सहवैमानिक तीन वेळा बोलले, पण त्यांनी नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. सहवैमानिकाने स्वतः गो-अराउंड सुरू करावे की नाही, याविषयीच्या सूचनाच संदिग्ध होत्या, याकडे अहवाल लक्ष वेधतो. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. शेजारी दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेला वरिष्ठ बसला आहे, त्याच्या हातून विमान काढून घ्यायचे आहे, निर्णयासाठी काही सेकंद आहेत, आणि नियम काय म्हणतो हेही स्पष्ट नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचेच १३४४ क्रमांकाचे विमान भर पावसात कोझिकोडच्या तशाच डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. मुख्य वैमानिक दीपक साठे हवाई दलातून आलेले, प्रबोधिनीत मानाची तलवार मिळवलेले अधिकारी होते, आणि त्यांच्या जाण्याने महाराष्ट्र हळहळला होता. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही या अपघाताच्या चौकशी अहवालाचे म्हणणे सांगणे भाग आहे. विमानाची गती आणि मार्ग स्थिर नसताना उतरणे चालू ठेवले गेले, विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडून टेकले, सहवैमानिकांनी गो-अराउंड पुकारले असतानाही ते केले गेले नाही, आणि सहवैमानिकांनीही नियंत्रण हाती घेतले नाही. व्यवस्थेतील त्रुटींचा वाटाही नाकारता येणार नाही, असे अहवालाने नमूद केले आहे.

मंगळूरच्या अहवालातले सहवैमानिकांविषयीचे वाक्य कोझिकोडच्या अहवालात जवळपास जसेच्या तसे यावे, हे मनाला फार लागते. उत्तम अधिकारी, स्वच्छ कारकीर्द आणि हजारो तासांचा अनुभव असूनही कॉकपिटमधील दुसऱ्या आवाजाला कृतीचे बळ मिळत नसेल, तर दुरुस्ती प्रशिक्षणातच व्हायला हवी. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या सरावयंत्रात, सहवैमानिकाला नुसते पुकारायला शिकवून भागणार नाही. उत्तर आले नाही, तर वरिष्ठाच्या हातून नियंत्रण प्रत्यक्ष काढून घेण्याचा सराव त्याच्याकडून वारंवार करून घ्यावा लागेल, आणि तो सराव करून घेताना शेजारच्या आसनावर वरिष्ठ वैमानिकालाच बसवावे लागेल.