कलोस : काळ्या झिलईवरची लाल अक्षरं

[दृश्य : म्युनिकच्या संग्रहालयातला युफ्रोनिओसचा चषक]

ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस आणि तीन धडांचा राक्षस गेरिओन यांची झुंज. इसवीसनपूर्व ५१० च्या सुमाराचं, अथेन्सचा भांडी-चित्रकार युफ्रोनिओस याचं काम. झुंज सगळेच बघतात, पण कडेची अक्षरं वाचायला थांबतं कोण? तिथे लिहिलंय, 'लेआग्रोस कलोस'. लेआग्रोस देखणा. ग्रीकमध्ये इथे 'आहे' लिहावं लागत नाही.

[दृश्य : अक्षरं, अगदी जवळून]

ही अक्षरं भाजण्याआधीच काढलेली आहेत. काळी झिलई म्हणजे अतिशय बारीक गाळलेली माती. भट्टी आधी हवा खेळती ठेवून ८०० अंशांच्या आसपास नेतात. मग झरोके बंद, ओलं लाकूड आत, आणि तापमान ९५० च्या घरात. सगळं भांडं काळं पडतं. शेवटी झरोके उघडले की अंगची माती पुन्हा लाल होते, झिलई मात्र काचेसारखी घट्ट झाल्याने काळीच राहते. तिच्यावर लिहिलेला लाल रंग सच्छिद्र असतो, म्हणून तोही लाल होतो. पण काचेसारखा न झाल्याने पकड कच्ची राहते आणि तो खरवडला जातो. अशा वेळी दिवा समोरून नको, बाजूने तिरका धरायचा. अक्षराचा मागमूस दिसतो.

[दृश्य : तीन भांड्यांवरची तीन नावं]

पुरुषाला 'कलोस', स्त्रीला 'कले', नपुंसकलिंगी 'कलोन'. आपल्या चांगला, चांगली, चांगलंसारखंच. आणि अर्थही तसाच, रूपापासून वागणुकीपर्यंत पसरलेला. तुलनेत मात्र 'ल' दुहेरी होतो : 'कल्लिओन' म्हणजे अधिक देखणा, 'कल्लिस्तोस' म्हणजे सर्वांत देखणा.

वाचताना चूक होते ती जुन्या अथेनी लिपीमुळे. ऱ्हस्व-दीर्घ 'ए'ला एकच अक्षर, 'ओ'लाही एकच. त्यामुळे 'कले' हे स्त्रीचं विशेषण की पुरुषाला मारलेली हाक, हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. 'कलोस'सुद्धा 'छान, उत्तम प्रकारे' असं क्रियाविशेषण असू शकतं. शेजारचं नाव आणि चित्र बघूनच ठरवायचं. दीर्घ स्वरांची वेगळी अक्षरं अथेन्सने अधिकृतपणे स्वीकारली ती इसवीसनपूर्व ४०३ मध्ये.

[दृश्य : सार्पेडॉनचा क्रेटर, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातल्या या वीराचं चित्र असलेलं, दारूत पाणी मिसळायचं मोठं भांडं]

लेआग्रोस पुढे सेनापती झाला आणि ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसमध्ये मारला गेला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने त्याचं नाव नोंदवलंय. त्याच्या तारुण्याच्या हिशोबावरून या भांड्यांचा काळ लावतात. या क्रेटरवरही तोच 'कलोस'. १९७१ मध्ये इटलीतल्या चेर्वेतेरीत चोरून उकरला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने सुमारे दहा लाख डॉलरला घेतला, २००८ मध्ये इटलीला परत गेला.